गोचिडीच्या पोटातून

मद्रासेत नोकरीला आलेल्या इंग्रज साहेबांची मायदेशातल्या शिकारीची हौस इथेही सुटली नव्हती. 'मद्रास हंट' नावाचा त्यांचा क्लब होता. तिकडे लाल कोल्ह्यामागे घोडे आणि कुत्रे सोडायचे, इकडे त्याच थाटात सोनेरी कोल्ह्यामागे. १९१० मध्ये वॉल्टर स्कॉट पॅटन यांनी या क्लबच्या शिकारी कुत्र्यांचं रक्त काचपट्टीवर पसरून तपासलं, तेव्हा तांबड्या पेशींच्या आत त्यांना अंगठीच्या आकाराचे अतिसूक्ष्म जीव दिसले. कुत्र्याच्या तांबड्या पेशीत राहणारा एक परजीवी युरोपात आधीच सापडला होता, पण तो आकाराने मोठा होता. हा चांगलाच लहान होता. पॅटन यांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि मग कोल्ह्याचं रक्त पाहिलं. तोच जीव तिथेही होता.

शिकारी आणि सावज, दोघांच्या रक्तात एकच बिऱ्हाड. आज हा जीव 'बॅबेसिया गिब्सोनी' या नावाने ओळखला जातो आणि भारतातल्या पशुवैद्यांना तो फार त्रास देतो. तो एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे पोचतो तो मुख्यतः गोचिडीमुळे. गोचीड एकाच्या अंगावर रक्त पिते, गळून पडते आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला चिकटते.

गोचीड रोग पसरवते हे तेव्हा सिद्ध होऊन फार काळ लोटला नव्हता. अमेरिकेतल्या गुरांना होणारा 'टेक्सास ताप' गोचिडीमार्फत पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबर्न यांनी १८९३ मध्ये दाखवून दिलं. त्या तापाच्या मुळाशीही बॅबेसियाच होता. रुमानियाच्या व्हिक्टर बाबेश यांनी १८८८ मध्ये तो गुरांच्या रक्तात पाहिला होता आणि त्यांच्याच नावावरून पुढे या कुळाचं नाव पडलं. भारतात हेच काम कुत्र्यांवर सुरू झालं. १९०५ मध्ये एस. पी. जेम्स यांना कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत एक परजीवी सापडला, त्याला आज 'हेपॅटोझून कॅनिस' म्हणतात. एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी त्यानंतर गोचिडीचं पोट फाडून आत काय घडतं ते पाहिलं. कुत्र्याच्या गोचीडतापाच्या अभ्यासाची पहिली पानं बरीचशी भारतातच लिहिली गेली.

एक नाव, अनेक जीव

दवाखान्यात 'टिक फीव्हर' असं एकच नाव ऐकू येतं. त्या नावाखाली निदान चार निरनिराळे जीव दडलेले असतात.

'एर्लिकिया कॅनिस' हा जिवाणू पांढऱ्या पेशींपैकी मोनोसाइटमध्ये शिरतो. अल्जीरियातल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दोनात्येँ आणि लेस्तोकार या फ्रेंच संशोधकांनी तो १९३५ मध्ये प्रथम ओळखला. 'अ‍ॅनाप्लाझ्मा प्लॅटिस' हा त्याचाच नातलग प्लेटलेटवर बसतो. अमेरिकेत फ्लोरिडात १९७८ मध्ये त्याची पहिली नोंद झाली. त्याच्या लागणीत प्लेटलेट एक-दोन आठवड्यांच्या अंतराने घसरतात, सावरतात आणि पुन्हा घसरतात. बॅबेसिया हा जिवाणू नाही, तो मलेरियाच्या जंतूसारखा एकपेशीय परजीवी आहे. तो तांबड्या पेशी फोडतो, म्हणून कुत्रा पांढुरका पडतो आणि त्याची लघवी कधीकधी कॉफीच्या रंगाची होते. हेपॅटोझूनची तऱ्हा सगळ्यांत वेगळी. तो गोचीड चावल्याने येत नाही. अंग चाटता-खाजवताना कुत्रा गोचीडच गिळतो आणि तिच्या पोटातला जीव त्याच्या पोटात जातो.

यांतले दोन-तीन जीव एकाच वेळी एकाच कुत्र्यात सापडणं हे नवल नाही, कारण त्या सगळ्यांची मुख्य वाहतूक एकाच जातीची गोचीड करते. ती आहे तपकिरी श्वानगोचीड, शास्त्रीय नाव 'रिपिसेफॅलस सँग्विनियस'. बॅबेसिया गिब्सोनी मात्र 'हेमाफिसॅलिस' कुळातल्या दुसऱ्या गोचिडींवरही अवलंबून असतो. शिवाय तो रक्तातून थेटही जातो. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तो झुंजीसाठी पाळलेल्या पिट बुल जातीच्या कुत्र्यांत जास्त आढळला, कारण एकमेकांना चावताना रक्त रक्ताला लागतं.

घरातली गोचीड

बहुतेक गोचिडी रानातल्या, कुरणातल्या. तपकिरी श्वानगोचीड घरात राहते. तिच्या आयुष्याच्या तीन अवस्था असतात: अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी, मग आठ पायांचं अर्भक आणि शेवटी प्रौढ. तिन्ही अवस्थांत तिला एकेकदा पोटभर रक्त लागतं आणि तिन्ही वेळा तिची पहिली पसंती कुत्रा हीच असते. प्रत्येक जेवणानंतर ती खाली गळते, आडोसा शोधते आणि कात टाकते. रिकाम्या पोटी जेमतेम तीन मिलिमीटरची मादी रक्त पिऊन सेंटिमीटरभर फुगते. मग ती फटीत शिरून काही हजार अंडी घालते आणि मरते. अनुकूल हवेत हे सगळं चक्र दोन-तीन महिन्यांत पुरं होतं.

फट म्हणजे दाराच्या चौकटीमागची, फरशीच्या कडेची, कुत्र्याच्या गादीच्या शिवणीतली, जिन्याखालची. ही गोचीड वर चढते, त्यामुळे पडद्यावर किंवा छताजवळच्या भिंतीवर ती दिसली की घरच्यांना आश्चर्य वाटतं. प्रौढ गोचीड खाण्याविना वर्षभराहून अधिक काळ तग धरू शकते. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी म्हणजे त्या घरातल्या एकूण गोचिडींचा लहानसा भाग. अंगावरच्या वेचून रॉकेलच्या डब्यात टाकल्या, तरी भिंतीतल्या पुढच्या पिढीला त्याचा पत्ता नसतो.

एर्लिकिया या गोचिडीच्या अंड्यांत उतरत नाही. अळीला तो मिळतो लागण झालेल्या कुत्र्याच्या रक्तातून, आणि मग कात टाकली तरी अंगात टिकून राहतो. प्रयोगात रक्त पिऊन गळून पडल्यावर १५५ दिवसांनीही अशा गोचिडींनी निरोगी कुत्र्यांना लागण दिली. 'बॅबेसिया वोगेली' हा मोठा बॅबेसिया मात्र आईकडून अंड्यांत जातो, म्हणजे अळी जन्मतःच जंतू घेऊन येते. नर गोचीड एका जागी पोटभर पीत नाही. तो थोडं पिऊन मादीच्या शोधात हलतो आणि जवळच्या दुसऱ्या कुत्र्यावरही जातो. एकाच घरात, एकाच केनेलमध्ये लागण झपाट्याने का पसरते, त्याचं एक कारण हे.

व्हिएतनाममधले शेफर्ड

एर्लिकिया शोधला गेला १९३५ मध्ये, पण पुढची तीसेक वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष वेधलं ते युद्धाने.

सिंगापूरमधल्या ब्रिटिश सैन्याच्या कुत्र्यांत साठच्या दशकात एक विचित्र आजार दिसू लागला होता. पाठोपाठ व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याचे कुत्रे पडू लागले. ताप यायचा, कुत्रा खाणं सोडायचा, रोडावत जायचा आणि मग एक दिवस नाकातून रक्ताची धार लागायची, ती थांबायची नाही. जुलै १९६८ ते डिसेंबर १९७० या अडीच वर्षांत असे सुमारे १६० कुत्रे गेले. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळ्यांचीच संख्या ढासळलेली. अस्थिमज्जेने पेशी बनवणंच जवळपास थांबवलं होतं.

अमेरिकी लष्करी संशोधकांनी माग काढला तो एर्लिकियापर्यंत पोचला. सैन्यातले बहुसंख्य कुत्रे जर्मन शेफर्ड होते आणि प्रयोगांत दिसलं की या जातीत आजार इतर जातींपेक्षा जास्त तीव्र होतो. पहाऱ्यावरच्या कुत्र्यांना रोज टेट्रासायक्लिन द्यायला सुरुवात झाली आणि लागणीला आळा बसला.

त्या अभ्यासातून आजाराच्या तीन पायऱ्या पक्क्या झाल्या. गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांत ताप, सुस्ती, सुजलेल्या गाठी, घसरलेल्या प्लेटलेट. ही पहिली पायरी दोन ते चार आठवडे टिकते आणि पुष्कळ कुत्रे औषधाविनाही त्यातून उठतात. दुसऱ्या पायरीवर कुत्रा बाहेरून ठणठणीत असतो. खातो, खेळतो, भुंकतो. जंतू मात्र प्लीहेत दबा धरून असतो, महिनोन्‌महिने, कधी कित्येक वर्षं. काही कुत्रे या काळात जंतू पूर्णपणे घालवून टाकतात. काही तिसऱ्या पायरीवर जातात, आणि तिथून परत आणणं फार अवघड असतं.

रोगाचं प्रमाण मोजताना सगळा गोंधळ होतो तो या दुसऱ्या पायरीमुळे.

किती कुत्र्यांना?

प्रश्न साधा दिसतो, उत्तर मात्र कुठल्या तपासणीने विचारलं त्यावर ठरतं. कानाच्या टोकाचा रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं ही सर्वांत स्वस्त तपासणी. जंतू दिसला तर निदान पक्कं. पण एर्लिकिया रक्तात इतका विरळ असतो की लागण असूनही काचपट्टी बहुतेक वेळा कोरी निघते. दुसरी तपासणी प्रतिपिंडांची, दवाखान्यातल्या किटवर काही मिनिटांत होणारी. ती सांगते की या कुत्र्याची जंतूशी गाठ पडली होती. आज तो अंगात आहे का, हे ती सांगत नाही, कारण प्रतिपिंडं बरं झाल्यावरही महिनोन्‌महिने राहतात. तिसरी पीसीआर, जी जंतूचा डीएनए शोधते. तीही चुकते, कारण दबून बसलेला जंतू त्या दिवशीच्या नमुन्यात असेलच असं नाही.

त्यामुळे एकाच गावातल्या एकाच कळपाबद्दल तीन वेगवेगळे आकडे येऊ शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी खरे असतात. त्यातच नमुना कुणाचा, हा प्रश्न. ताप आला म्हणून दवाखान्यात आणलेल्या कुत्र्यांत टक्केवारी फुगते. सोसायटीतल्या, नियमित औषध लावलेल्या कुत्र्यांत ती खाली येते.

भारतापुरतं सांगायचं तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी महत्त्वाची आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मुंबईतल्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजच्या सहकार्याने मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या पाचशेहून अधिक कुत्र्यांचं रक्त तपासलं. त्यातले बहुतेक रस्त्यावरचे होते. सुमारे ३० टक्के कुत्र्यांत हेपॅटोझून निघाला आणि सुमारे २० टक्क्यांत एर्लिकिया. बॅबेसिया वोगेली आणि अ‍ॅनाप्लाझ्मा यांचं प्रमाण त्याहून बरंच कमी होतं. डीएनएच्या तपासणीत जे सापडलं, त्यातला फारच थोडा भाग काचपट्टीवर दिसला होता. म्हणजे नुसत्या सूक्ष्मदर्शकावर विसंबून काढलेली जुनी प्रमाणं तळाचा आकडा म्हणूनच वाचायला हवीत.

या टक्क्यांमागे किती जीव आहेत? २०१९ च्या पशुगणनेत देशातले भटके कुत्रे सुमारे दीड कोटी आणि महाराष्ट्रातले पावणेतेरा लाखांच्या आसपास भरले. ही जनावरं दवाखान्यात येत नाहीत, त्यांची कुठल्या फाइलीत नोंद होत नाही. त्यांच्यातले बरेचसे दुसऱ्या पायरीवरच जगत असतात. पार्किंगमध्ये त्यांच्या अंगावरून गळलेली गोचीड तिथेच कुठेतरी कात टाकते, आणि संध्याकाळी फिरायला उतरलेल्या लॅब्रॅडॉरला चिकटून लिफ्टने वर जाते.

ऑस्ट्रेलियाची तटबंदी

कुत्र्यांत जंतूचा असा साठा आधीपासून नसेल आणि तो अचानक शिरला तर काय घडतं, हे ऑस्ट्रेलियाने अलीकडेच पाहिलं. तपकिरी श्वानगोचीड तिथे फार पूर्वीपासून आहे. बॅबेसिया वोगेली आणि अ‍ॅनाप्लाझ्मा प्लॅटिसही आहेत. पण एर्लिकिया नव्हता आणि तो येऊ नये म्हणून परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांची रक्ततपासणी सक्तीची होती.

मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या आजारी कुत्र्यांत तो सापडला. हे कुत्रे कधी परदेशी गेलेले नव्हते. शोधाशोध सुरू झाली तेव्हा कळलं की जंतू नुकताच आलेला नाही, तो बराच पसरलेला आहे. पाठोपाठ नॉर्दर्न टेरिटरीतही तो आढळला, मग दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला. सर्वाधिक फटका बसला तो दूरदूरच्या आदिवासी वस्त्यांना. तिथे कुत्रे मोकळे फिरतात, गोचिडी अमाप, हवा गरम आणि पशुवैद्य शेकडो किलोमीटरवर. यापूर्वी या जंतूशी कधी गाठ न पडलेल्या कुत्र्यांत मृत्यू मोठ्या संख्येने झाले. समूळ उच्चाटन शक्य नाही हे लवकरच स्पष्ट झालं आणि धोरण बदललं. आता तिथला सल्ला आपल्याकडच्यासारखाच आहे: गोचिडी आवरा, कुत्र्याला घेऊन उत्तरेकडे जाणार असाल तर आधी औषध लावा.

इंग्लंडमध्येही असाच एक धक्का बसला. २०१६ च्या सुरुवातीला एसेक्समधल्या हार्लो गावात, कधीही परदेशवारी न केलेल्या काही कुत्र्यांना 'बॅबेसिया कॅनिस' झाला. हा युरोपातला जीव, त्याला वाहणारी गोचीडही निराळी, पण ती इंग्लंडच्या काही भागांत आधीपासून होती. कमी होती ती फक्त जंतूची. बाहेरून आलेल्या एखाद्या कुत्र्याने वा गोचिडीने ती उणीव भरून काढली असावी, असा तर्क आहे.

गोळी, पट्टा आणि तीन तास

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चांगलं चालतं. दोन-तीन दिवसांत कुत्रा खायला लागतो, प्लेटलेट वर येतात. औषध मात्र साधारण चार आठवडे द्यायचं असतं, आणि बरा दिसणाऱ्या कुत्र्याच्या घशात रोज गोळी कोंबण्याचा उत्साह पुष्कळ घरांत दुसऱ्या आठवड्यात मावळतो. मोठ्या बॅबेसियावर डायमिनाझीन किंवा इमिडोकार्बची इंजेक्शनं लागू पडतात. गिब्सोनी त्यांना पुरतेपणी दाद देत नाही. त्याच्यासाठी अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही जोडी वापरतात. अ‍ॅटोव्हाक्वोन महाग आहे, आणि तेवढं करूनही काही कुत्र्यांत आजार उलटतो. एर्लिकियावर बाजारात लस नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असंही नाही.

राहतो तो उपाय गोचिडीवरचा. २०१३-१४ पासून आलेल्या आयसोक्सॅझोलिन गटातल्या चघळायच्या गोळ्यांनी पाळीव कुत्र्यांचं जगणं बरंच सुसह्य केलं. काहींचा असर महिनाभर, काहींचा तीन महिने. पण हे औषध कुत्र्याच्या रक्तात असतं, त्यामुळे गोचिडीला मरण्यासाठी आधी चावावं लागतं. मरायला तिला काही तास लागतात, आणि प्रयोगांत एर्लिकियाची लागण गोचीड चिकटल्यापासून तीन तासांतही झालेली दिसली आहे. म्हणून लागणीचा धोका जास्त असेल तिथे पशुवैद्य गोचिडीला चावूच न देणारी औषधं, म्हणजे पायरेथ्रॉइड असलेले पट्टे किंवा मानेवर टाकायचे थेंब सुचवतात. घरात मांजर असेल तर इथे सावध राहावं लागतं, कारण पर्मेथ्रिन मांजराला विषारी आहे.

दारोदार

गोचिडी वस्तीपातळीवर आवरता येतात का, याचा एक चांगला दाखला कुत्र्यांसाठी नव्हे तर माणसांसाठी केलेल्या कामातून मिळाला. तपकिरी श्वानगोचीड माणसाला क्वचित चावते, पण चावते. तिच्यातून रिकेट्सिया जंतूंचे ठिपक्यांचे ताप येतात. भारतातल्या 'इंडियन टिक टायफस'शी तिचं नाव जोडलेलं आहे. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांमधला असा ताप लवकर ओळखता यावा म्हणून २०११ मध्ये एक गुणपद्धती मांडली, तीत गोचिडींशी आलेला संपर्कही धरला आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्याच्या आदिवासी वस्त्यांमध्ये २००३ पासून 'रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर'ने माणसं दगावू लागली, आणि २००५ मध्ये स्पष्ट झालं की तिथे हा ताप हीच घरगुती गोचीड पसरवते आहे.

२०१२-१३ मध्ये तिथल्या एका वस्तीत सुमारे पाचशे घरांची मोहीम झाली. दारोदार जाऊन प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात आठ महिने चालणारा गोचीडनाशक पट्टा बांधला, घराभोवती औषध फवारलं, कुत्रे बांधून ठेवण्याची सोय केली. चार महिन्यांनी पाहणी केली तेव्हा तिथल्या जेमतेम एक टक्का कुत्र्यांच्या अंगावर गोचीड दिसली. मोहीम न झालेल्या शेजारच्या भागात हेच प्रमाण ६४ टक्के होतं. त्या मोहिमेत आजारी कुत्रा आणि धट्टाकट्टा कुत्रा असा भेद केला नव्हता. ज्याला मान आहे त्याला पट्टा, एवढाच नियम होता.

आपल्याकडच्या गल्ल्यांत आठ-आठ महिन्यांनी लाखो माना शोधत फिरणं महापालिकांना झेपणारं नाही. मात्र नसबंदीसाठी पकडलेला भटका कुत्रा काही दिवस केंद्रात राहतो, त्याला भूल दिली जाते, रेबीजची लस टोचली जाते आणि ओळख म्हणून त्याच्या कानाला खूण केली जाते. कानाच्या त्याच टोकाचा एक थेंब काचपट्टीवर घेणं आणि सोडताना गोचिडीच्या औषधाचा डोस देणं, यासाठी त्याला पुन्हा पकडावं लागणार नाही. पिंजरे पुढच्या कुत्र्यासाठी धुतले जातात तेव्हा त्यांच्या कोपऱ्यांतल्या फटींवरही फवारणी व्हायला हवी. नाहीतर गोचिडी नसलेला कुत्रा केंद्रात येईल आणि परत जाताना त्या आपल्या गल्लीत घेऊन जाईल.